सड्यावरचे पांढरे दगड

"हे दगड कुठनं आणलं गं, वैजयंता?"

शेलार गुरुजी डोंगरमाथ्यावर, सड्याच्या उघड्या कातळाच्या तोंडाशी उभे होते. पाठीवर इरलं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नारळ. सकाळचे सव्वासात वाजले होते, धुकं नुकतंच वर सरकत होतं, आणि त्यातून माझी पांढरी-तांबडी रांग अशी काही उठून दिसत होती की माझं मलाच कौतुक वाटत होतं.

"इथलेच की, गुरुजी!" मी छाती फुगवून म्हटलं. "बाहेरचा एक खडा आणलेला नाही. दोन दिवस खपत होते."

सड्याच्या तोंडापासून पार तळ्यापर्यंत पायवाटेच्या दोन्ही अंगांनी मी दगड मांडले होते. हातभर अंतर सोडून एक. खालची निम्मी बाजू गेरूची, वरची निम्मी चुन्याची. पावसात टिकावा म्हणून चुन्यात डिंक घातला होता, आणि वाळेपर्यंत वर प्लास्टिक धरून बसले होते. एकूण दोनशे बारा दगड. आता गुरुजी म्हणतील, पोरगी कामाची आहे, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. त्या माणसाच्या तोंडून चांगलं म्हणवून घ्यावं असं मला फार वाटायचं.

गुरुजींनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग नारळ हळूच खाली ठेवला आणि ओल्या गवतात तसेच बसले. मला वाटलं, चढून आल्यामुळे चक्कर आली.

"गुरुजी, पाणी देऊ?"

"पाणी नको. मला एक सांग. उचलताना खाली काय दिसलं का? गांडुळागत, पर जाड. वीतभर लांब. जांभळट."

त्यांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही दिसलं."

खोटं बोलले. का बोलले तेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वनरक्षक म्हणून लागून दोनच महिने झालेले, पहिलीच नेमणूक, उंबरणे बीट. मी खटावची. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आणि इथं तो घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला. सड्यावर पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, ही कसली राखायची जागा? झाड नाही, झुडूप नाही, काळा-तांबडा जांभा खडक आणि त्यावर गुडघ्याएवढंही नाही असलं गवत. राखायचं ते जंगल खाली होतं, ओढ्याकाठच्या राईत. वर राखण्यासारखं मला काहीच दिसत नव्हतं.

पण सगळं भांडण त्या सड्यासाठीच होतं. खाणवाल्यांना तो हवा होता. गुरुजी उंबरण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, आणि सहा वर्षं अर्ज करत होते की सड्यावर एक जीव राहतो, तो आसपास दुसरीकडे कुठं आढळत नाही, सडा राखीव करा. शेवटी एकदाची समिती यायची ठरली. समिती म्हणायची, पण येणार होत्या एकट्याच, डॉक्टर बोधनकर मॅडम. त्यांनी जीव असल्याचं लिहिलं तर सडा राखीव, नाही लिहिलं तर फाइल बंद आणि खाणीचा रस्ता मोकळा. एकच दिवस. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता.

आमचे रेंजर जगदाळेसाहेब तीन दिवस आधी येऊन सांगून गेले होते. "लोखंडे, मॅडम वरच्या आहेत. सगळं चकाचक पाहिजे. तुमचं प्रोबेशन चालू आहे, विसरू नका."

आता चकाचक म्हटल्यावर आमच्या खात्यात काय करतात? गेरू आणि चुना! आमच्या कार्यालयापुढची झाडं बघा, विश्रामगृहाच्या पायऱ्या बघा. मला तर लहानपणापासून टापटिपीचं वेडच. मी ताराक्का झोरेला हाताखाली घेतलं, रोजंदारीवरची मजूर, पन्नाशीची बाई, आणि सड्यावर मोकळे पडलेले चांगले चपटे, भाकरीएवढे दगड वेचायला लागले.

ताराक्का दगडाला हातच लावेना.

"श्रावणात सड्यावरचा धोंडा हलवत न्हाईत, बाई."

"का हलवत नाहीत?"

"न्हाई हलवत. आमच्या सासूच्या सासूनंबी न्हाई हलवला."

"बरं, मग तू रंग लाव. मी हलवते."

हसलेही होते मी वर. आणि एकेक दगड उचलत गेले. खाली कुठं विंचू, कुठं गोम, आणि कितीतरी दगडांखाली ती जाडी जांभळट गांडुळं, वेटोळं करून बसलेली. मी केरसुणीनं झटकून टाकत होते. दगड स्वच्छ नको? चुना धरणार कसा?

गुरुजींनी त्यांचा तो जीव मला कधी दाखवला नव्हता. "दाखवीन की, श्रावण सरू दे," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, काहीतरी मोठं, देखणं असेल. म्हणून त्या सकाळी त्यांनी "गांडुळागत" म्हटलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगितलं तर मेमो, मेमो मिळाला तर प्रोबेशनवर लाल शेरा, आणि नोकरी गेली तर मी खटावला परत कुठल्या तोंडानं जाणार होते?

"काहीच न्हाई?" गुरुजींनी परत विचारलं. "नीट आठव."

"विंचू होते एक-दोन."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तसेच उठले, नारळ उचलला.

"मी एक दगड उचलणार हुतो. एकच," ते म्हणाले. "श्रावण हाय, पर मॅडमना दुसरी तारीख न्हाई. म्हणून माफी मागायला हा नारळ आणला. चल, ऱ्हायलेलं दगड हुडकू. तीन-साडेतीन तास हायेत."

त्या तीन तासांत माझा पाय एका जागी ठरला नाही. सडा चांगला अर्धा मैल लांब. मी या टोकाला, गुरुजी त्या टोकाला. उरलेले दगड म्हणजे एकतर दोघांनाही न हलणारे धोंडे, नाहीतर मुठीएवढे खडे. चांगलेचुंगले सगळे रांगेत रंगून उभे. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची. एक दगड उचलायचा, खाली बघायचं, काही नाही, तसाच परत ठेवायचा, पुढे पळायचं. गुरुजी प्रत्येक दगडाला आधी हात जोडत होते, मग उचलत होते.

"इकडं बेडूक हाय!" ते लांबून ओरडायचे.

"इकडं गोम!" मी ओरडायची.

"गोमीचं काय लोणचं घालू?" गुरुजी म्हणाले. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो.

नऊला पाऊस आला. तिरपा, वाऱ्याबरोबर. दहा मिनिटांत थांबला, पण तेवढ्यात चुना सुटायला लागला. डिंक गेला कुणीकडे कोण जाणे. दगडांवरून पांढरे ओघळ निघाले आणि खडकाच्या खळग्यांतलं पाणी दुधट व्हायला लागलं. मी धावत जाऊन प्लास्टिक टाकायला लागले, तर एकीकडे झाकावं तो दुसरीकडून वारा उडवून नेई. ताराक्का वाटेच्या कडेला चहाची किटली घेऊन बसली होती. तिनं एकदाही उठून मदत केली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. मी काय झटकून टाकलं ते तिनं बघितलं होतं.

"ताराक्का," मी तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "गुरुजींना काही बोलली नाहीस ना?"

"मी कशाला बोलू? त्यास्नी तू सांगितलंस की, काय न्हाई म्हनून."

दहा वाजता गुरुजी दमून खडकावर टेकले. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं होतं. मी शेजारी जाऊन बसले. सांगून टाकावं, असं तेव्हाच वाटलं होतं. तोंडही उघडलं होतं.

"वैजयंता," तेच म्हणाले, "तू दोनशे दगड उचललेस, आणि एकाखालीबी न्हाई. म्हंजे संपलंच की गं ते. मागच्या साली एक दिसलं हुतं, त्याच्या आदल्या साली दोन. मी उगंच आशा धरून बसलो हुतो."

"तसं नसेल, गुरुजी..."

"का मलाच भास हुत हुता, काय की. डोळं गेलेत आता."

मी तोंड मिटलं. खालून जीपचा हॉर्न वाजला. मॅडम पाऊण तास आधीच आल्या होत्या.

मॅडम म्हणजे बुटक्या, पिकल्या केसांच्या, पायात रबरी गमबूट. जगदाळेसाहेब छत्री धरून त्यांच्यामागे, तर मॅडम छत्रीतून सारख्या बाहेर. त्यांना सगळंच बघायचं होतं. आधी राईत गेलो. जांभळीवर शेकरूचं घरटं होतं, ते मी दाखवलं, आणि नशिबानं शेकरूही बाहेर येऊन शेपूट हलवून गेली. मॅडम ओढ्यात उतरल्या, दगडाआडचा खेकडा बघितला, चिखलातले गव्याच्या खुरांचे ठसे मोजले. मग कारवीच्या उतारावरून चढलो. तिथं त्यांनीच आम्हाला हरणटोळ दाखवला, कारवीच्या हिरव्या फांदीवर हिरवाच साप, दोन महिने मी त्या वाटेनं जात होते आणि मला एकदाही दिसला नव्हता. कड्याशी थांबून वाऱ्यावर लटकलेला ससाणा बघितला. जगदाळेसाहेब प्रत्येक ठिकाणी "आमच्या बीटमध्ये" म्हणून सुरुवात करत होते. माझं लक्ष कशातच नव्हतं. गुरुजी सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून चालले होते.

सड्यावर पाय ठेवला आणि साहेबांचा चेहरा खुलला.

"हा मार्ग खास आपल्यासाठी, मॅडम. आमच्या वनरक्षकानं केलाय."

मॅडमनी रांग बघितली. खळग्यांतलं दुधट पाणी बघितलं. खाली वाकून एका खळग्यात बोट बुडवलं आणि हुंगलं.

"चुना?" त्या म्हणाल्या.

"गेरू-चुना, मॅडम!" साहेब म्हणाले.

मॅडम तळ्यापर्यंत जाऊन आल्या, पाण्यात बुड्या मारणारी टिबुकली बघितली, गवतातली जांभळी इवली फुलं भिंगातून बघितली, आणि मग थेट गुरुजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दाखवा, गुरुजी. तुमचं देवगांडूळ."

गुरुजींनी पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेली वही काढली. अकरा वर्षांची वही. तारीख, वार, पाऊस किती, दगडाची जागा, आणि शेजारी पेन्सिलीनं काढलेलं चित्र. मॅडम खडकावर बसून पान न् पान वाचत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. चित्रातलं डोकं, अंगावरच्या वळ्या, शेपटीच नाही असं आखूड टोक. काल संध्याकाळी मी केरसुणीनं उडवलं होतं तेच.

"अकरा वर्षांत चौदा," मॅडम म्हणाल्या. "हे फार काळजीनं केलंय तुम्ही. पण गुरुजी, अर्ज तुमचा आणि नोंदही तुमचीच. दुसऱ्या कुणी पाहिलंय?"

"न्हाई. मी एकटाच फिरतो."

"बाटलीत ठेवलेलं एखादं?"

"जिवंत जीव बाटलीत कसा घालू?"

"आज दिसेल?"

गुरुजींनी सड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"सकाळपास्नं हुडकतोय. न्हाई दिसलं," ते म्हणाले. "आणि हिनं दोन दिवसांत दोनशे दगड हलवलेत, हिलाबी न्हाई दिसलं. तसंच लिहा, मॅडम. दिसलं न्हाई म्हणून लिहा. खोटं लिहून सडा राखायचा न्हाई मला."

मॅडमनी वही मिटली. ती त्यांनी दोन्ही हातांनी गुरुजींना परत दिली. जगदाळेसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, विश्रामगृहावर जेवण तयार आहे. निघूया?"

मॅडम उठल्या. गुरुजी पिशवीत वही घालू लागले, आणि मेणकापड काही केल्या नीट गुंडाळलं जाईना. मी ते बघितलं आणि माझ्यानं राहवेना.

"मी बघितलीत," मी म्हटलं.

सगळे थांबले.

"काय बघितलीत?" साहेब म्हणाले.

"तीच. वहीतली. काल आणि परवा. दगडांखाली होती. मी सकाळी गुरुजींशी खोटं बोलले."

"लोखंडे!" साहेबांचा आवाज चढला. "प्रोबेशन चालू आहे तुमचं. काय बोलताय, कुणापुढं बोलताय, भान आहे?"

"आहे, साहेब."

"मॅडम, ही पोरगी भावनेच्या भरात बोलतेय. गुरुजींचं वाईट वाटलं म्हणून. सकाळी नाही म्हणाली, आता हो म्हणतेय. हिच्या शब्दाला काय अर्थ?"

त्यांचं खरंच होतं. माझ्या शब्दाला अर्थ ठेवलाच नव्हता मी. मॅडम माझ्याजवळ आल्या. मास्तरीण मुलीला बाकावर उभी करते, तेव्हाची नजर.

"कशी होती? वहीत नाही ते सांग."

मी डोळे मिटले. "वेटोळं करून बसलेली होती. मी झटकलं तरी पटकन पळत नव्हती. एक-दोन तर परत त्याच जागी येऊन बसली. आणि त्यांच्या मध्ये... मला वाटलं, कसला तरी कचरा आहे. भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. एकाला एक चिकटलेलं, माळेसारखं. ते त्या वेटोळ्याच्या मधोमध धरून बसलेली. मी केरसुणीनं काढलं ते."

मॅडमनी गुरुजींकडे वळून विचारलं, "तुमच्या वहीत अंडी कुठंच नाहीत. तुम्ही अंडी कधी पाहिलीत?"

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "मी आषाढात बघतो, न्हाईतर भादव्यात. श्रावणात आम्ही सड्यावरचा दगड हलवत न्हाई."

"का?"

"पहिल्यापास्नं न्हाई हलवत. का, ते कुणी सांगितलं न्हाई. मीबी विचारलं न्हाई."

"म्हणजे हिला हे तुम्ही सांगितलेलं नाही. आणि ऐकून कुणाला रचता येईल असं हे नाहीच." मॅडमनी डोक्यावरचा रुमाल सोडून परत बांधला. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या सड्याकडे. "मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. पिलं निघेपर्यंत. जागची हलत नाही, खातसुद्धा नाही. म्हणून ती परत येऊन बसली."

"मग ती अंडी?" मी विचारलं.

"दगड निघाला, वारा लागला, की काही तासांत वाळतात."

"आणि त्या?"

"देवगांडूळ म्हणजे गांडूळ नव्हेच, बेडकाच्या जातीतलं. कातडी तशीच ओली असते. चुन्याचं पाणी लागलं तर..." त्या थांबल्या. तोंडावर पदर घ्यावा तशी मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि हमसून रडायला लागले. युनिफॉर्ममध्ये, साहेबांसमोर, लाज सोडून.

"किती होती?" मॅडमनी जरा वेळानं विचारलं.

"मोजली नाहीत."

"सदतीस."

ताराक्का किटली घेऊन जवळ आली होती. "सदतीस वक्ताला मी हात जोडलं," ती म्हणाली. "ही धोंडा उचलायची, खाली त्ये दिसायचं, की मी कुंचा खाली ठिवून हात जोडायची. म्हनायची, पोर परमुलखातली हाय, तिला म्हाईत न्हाई, तिच्यावर राग धरू नगा. परवा एकोणीस, काल अठरा."

मॅडमनी तिथंच, खडकावर बसून, दोन पानी जबाब लिहिला. खाली माझी सही, ताराक्काचा अंगठा. जगदाळेसाहेब लांब जाऊन पाठ करून उभे होते. लिहिताना मॅडम एकदा मला म्हणाल्या, "एका सड्यावर एवढ्या माद्या अंड्यांवर बसलेल्या आहेत, अशी नोंद माझ्या वाचनात नाही. यावर सडा राखीव होईल, असं मला वाटतं." त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

उतरताना मी गुरुजींच्या मागे चालले होते. वाटेत ते एकदा बोलतील, "जाऊ दे पोरी" म्हणतील, असं मनात धरून चालले होते. कारवी संपली, राई संपली, ओढा आला. ओढ्यात पाय धुताना ते बोलले.

"सकाळी विचारलं तवाच सांगायचं हुतंस."

"चुकलं, गुरुजी. नोकरी जाईल म्हणून घाबरले."

"नोकरीचं ऱ्हाऊ दे. दगड हलवलेस ते न कळता हलवलेस, त्याचं मी काय म्हणत न्हाई. पर चार तास मी सोताला खोटा समजत हुतो. अकरा वर्षं उगंच गेली म्हणत हुतो. शेजारी बसून तू ते ऐकलंस."

एवढंच. काठी घेऊन ते गावाकडे गेले. मी ओढ्यात तशीच उभी राहिले, बुटांत पाणी शिरलं तरी.

मला मेमो मिळाला, प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं, पण नोकरी राहिली. दोन वर्षांनी सडा राखीव झाल्याचा कागद आला. त्या कागदात सदतीसचा आकडा होता. गावानं पेढे वाटले, मला हार घालायला आले तेव्हा मी क्वार्टरला कुलूप लावून राईत जाऊन बसले होते. रांगेतले दगड मी आणि ताराक्कानं केव्हाच घासून, धुऊन सड्यावर परत मांडले होते. कुठला कुठं होता ते आठवेल तसं. पावसाळ्यानंतर गुरुजी माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला लागले, विंचूकाट्याचं, पावसाचं, सगळं बोलायचे. त्या दिवसाचं मात्र नाही. दर भादव्यात ते एकटे वर जायचे, संध्याकाळी उतरायचे, आणि मी फाटकाशी उभी असले तर नाही म्हणून मान हलवून पुढे जायचे. पहिल्या साली मान हलवली. दुसऱ्या साली, तिसऱ्या, चौथ्या साली. बदलीचा अर्ज करायची मुदत दोनदा आली, दोन्ही वेळा मी केला नाही.

पाचव्या भादव्यात मी दुपारची भाकरी खात होते, तर गुरुजी दारात. भर पावसात, अंगावर इरलंही नाही. पंचाहत्तरीचा माणूस, धापा टाकत होता.

"एक हाय," ते म्हणाले. "वैजयंता, एक हाय गं."

मी खरकट्या हातानं तशीच उठले. आम्ही चढून गेलो, राईतून, कारवीतून, कुठंही न थांबता. सड्यावर तळ्याच्या अलीकडे एका चपट्या दगडाजवळ गुरुजींचं इरलं पडलं होतं. खूण म्हणून ठेवलेलं. ते बाजूला करून गुरुजी गुडघ्यांवर बसले आणि मला जवळ बोलावलं.

"भादवा हाय आता. उचल तू. सोताच्या डोळ्यांनी बघ."

मी त्यांच्या शेजारी बसले. दगडावर हात ठेवला. पावसानं गार पडला होता, आणि जांभ्याच्या भोकांतून पाणी झिरपत होतं.

"नको, गुरुजी," मी म्हटलं. "तुम्ही सांगताय ना, मग आहे."

गुरुजींनी पिशवीतून वही काढली, पाऊस लागू नये म्हणून मी तिच्यावर इरलं धरलं, आणि त्यांनी तारीख घातली.